एकविसाव्या दिवसापर्यंत

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दूधवाला "आज दूध जरा पातळ वाटेल, म्हैस गाभण आहे" म्हणाला की मी त्याच्यासमोरच भांड्यात बोट बुडवते. आमची आई म्हणते, "हे पोरगी पाळण्यातबी एक डोया उघडा ठिवून झोपे." तिला ते कौतुक वाटतं की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यात नोकरी मिळाली ती तामसीला, तहसील कचेरीत. तिथे संशय हा दुर्गुण मानत नाहीत. आदिलाबादहून रोज सकाळी बसने जायचं आणि दिवसभर माणसांची नावं तपासायची. तेलंगणातल्या आमच्या भागात मराठी माणसाचं नाव कागदावर सरळ राहत नाही. जमिनीच्या जुन्या नोंदीत, पहाणीत, ते उर्दूच्या वळणाने आलेलं असतं, शाळेच्या दाखल्यावर तेलुगूत, आधार कार्डावर इंग्रजीत. आपण आधी आपलं नाव सांगतो, मग बापाचं, मग आडनाव. तेलुगू रिवाजात घराचं नाव पुढे लागतं. लिहिणारा आपल्या अंदाजाने काहीतरी ठोकून देतो आणि एका माणसाची तीन माणसं होतात. मग सत्तर वर्षांचा म्हातारा हातात दरखास्त घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहतो आणि हे तिन्ही आपणच आहोत असं शपथेवर सांगतो.

हे बघून बघून मी एक ठरवलं होतं. आमच्या घरात मूल आलं की त्याचं नाव असं हवं, जे मराठी, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषांतून खरचटल्याशिवाय बाहेर पडेल. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात मूल येणार ते धाकट्या भावाचंच. आणि आमच्यात मुलाचं नाव आत्या ठेवते. तेवढा एक मान मला हक्काने मिळणार होता आणि त्याची मी बरीच वर्षं वाट बघत होते.

भाऊ इचोड्याला शाळेत मास्तर आहे. त्याने लग्न केलं ते तिथल्याच एका तेलुगू मास्तरणीशी, मंचेरियलच्या मुलीशी. तिचे वडील कोळशाच्या खाणीत होते, आता निवृत्त. त्यांची जात उतरंडीत आमच्या वरची. आम्ही बौद्ध. आजोबांपर्यंत दुसऱ्यांच्या शेतात राबलेले, वडील कारकून झालेले. लग्नाला तिच्याकडून फक्त आई आली होती आणि ती जेवली नाही. उपास होता म्हणे. मी त्या दिवसाचा वार लक्षात ठेवला आणि पुढे दोन वर्षं, त्या वारी ही बाई उपास करते की नाही, याची भावाकडे चौकशी करत राहिले. करत नव्हती.

पहिल्या बाळंतपणाला भावजय माहेरी गेली. पाचव्या महिन्यातच मी नाव काढलं होतं. मुलगा झाला तर हे, मुलगी झाली तर ते. मुलगाच होणार असं मला वाटत होतं म्हणून एका पांढऱ्या दुपट्यावर निळ्या दोऱ्याने त्याचं नाव भरलं, मराठीत आणि तेलुगूत. विहारात सगळ्या बायकांना दाखवलं. मंचेरियलला गेले तेव्हा विहीणबाईंनाही उलगडून दाखवलं. त्या दुपट्याला हात न लावता आत निघून गेल्या. मला राग आला. मनात म्हटलं, आमच्या घरचं दुपटंसुद्धा विटाळतं वाटतं यांना.

मुलगाच झाला. नवव्या दिवशी गेला. मी बाराव्या दिवसाच्या बारशाला निघायची तयारी करत होते तेव्हा भावाचा फोन आला. त्यानंतर त्या मुलाबद्दल आमच्या घरात कुणी बोललं नाही. दुपटं माझ्या कपाटात राहिलं, साड्यांच्या तळाशी.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले, तेव्हा भावाने बायकोला माहेरी पाठवलं नाही. बाळंतपण आदिलाबादला, आमच्याच घरी करायचं ठरलं. मुलगी झाली, ठणठणीत. आणि तिसऱ्या दिवशी विहीणबाई एक पिशवी आणि एक सूप घेऊन आमच्या दारात उतरल्या. बाळंतिणीकडे येताना माणूस डिंक आणतो, खारीक आणतो. ही बाई मंचेरियलहून सूप घेऊन बसमधून आली होती. आमच्या घरात सूप नाही असं तिला वाटलं असेल, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी नावाचा विषय काढला. माझी यादी तयार होती. जुन्या पाली वळणाची नावं, दोन-तीन अक्षरांची. ती तेलुगू तोंडातही गोड लागतात आणि त्यांच्यात कुणाच्या देवाचा वास येत नाही. मी कचेरीतल्या कॉम्प्युटरवाल्या मुलीकडून ती तेलुगूत टाइप करून घेतली होती, दुसऱ्या एकीकडून परत वाचूनही घेतली होती. पहिलं नाव उच्चारायला तोंड उघडलं, तोच विहीणबाई झटक्यात उठल्या आणि म्हणाल्या, दूध उतू जातंय. मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. गॅस बंद होता.

तिथून पाल चुकचुकायला लागली. मी नावाचं नाव काढलं की विहीणबाई उठायच्या, भावजय डोळे मिटून घ्यायची आणि भाऊ म्हणायचा, "बगू ना ताई, घाई काय हाय?" घाई कशी नाही? बारसं बाराव्या दिवशी करतात. तर विहीणबाईंनी भावाकरवी निरोप दिला की त्यांच्यात एकविसाव्या दिवशी असतं, एकविसाव्याच दिवशी करायचं, आणि तोवर नावाचं काही बोलायचं नाही. आम्हाला मुहूर्त नसतो. वंदना घ्यायची, पंचशील घ्यायचं आणि रविवार बघायचा. त्यामुळे दिवसाला माझी हरकत नव्हती. पण हे नऊ जास्तीचे दिवस यांना कशाला हवे आहेत, हा प्रश्न मला पडला. नोंद आधी गुपचूप घालायची आणि समोरच्याला उशिरा कळवायची, ही कागदातली चाल मी रोज बघते.

मी टेहळणी सुरू केली. भावाच्या बॅगेतला जन्मनोंदणीचा फॉर्म काढून पाहिला. बाळाच्या नावाची जागा कोरी होती, पण पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडल्यासारखं वाटलं. मी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. काही दिसलं नाही. विहीणबाई बाळाला पायांवर घेऊन तेल लावताना तिच्याशी पुटपुटत असायच्या. मी दारात आले की गप्प. माझी खात्री झाली की यांनी नाव ठेवून टाकलेलं आहे, त्यांच्या कुठल्यातरी देवीचं किंवा त्यांच्या सासूचं. एकविसाव्या दिवशी मला फक्त कानात कुर्रर्र करायला वाकवायचं आणि नाव यांनी सांगायचं, असा बेत असणार. शाळेत मुलगी त्यांच्या नावाने, त्यांच्या घराच्या नावाने जाईल. आमची म्हणून तिच्यावर काही खूण राहणार नाही. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं, आणि ते मी मनातल्या मनात रोज त्यांना ऐकवत होते.

सहाव्या दिवशी सकाळी आणखी एक गोष्ट दिसली. बाळाच्या लंगोट्यांत एक फडकं होतं, त्याला शेणाचा वास होता आणि काडीकचरा चिकटलेला होता. मी आईला विचारलं, हे काय? आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मांजर लोळलं असंन." विहीणबाईही तेवढ्यात हाताने मांजर काढून दाखवायला लागल्या. आईवर मला संशय आला नाही. माणूस संशय घेतो तोही आपली माणसं वगळून, तिथे मी फसले.

चौदाव्या दिवशी कचेरीतून लवकर सुटले. घरात सामसूम होती. भावजय झोपलेली. मागच्या पडवीत विहीणबाई बाळाला न्हाऊ घालत होत्या आणि मोठ्याने, लाडात, एकाच नावाने हाका मारत होत्या. मी दाराआड थांबले. तेलुगू मला माझ्या हाताच्या रेषांसारखी कळते. त्या माझ्या भाचीला उकिरडा म्हणत होत्या.

हे नाव मला परकं नव्हतं. तेलुगूत या नावाची म्हातारी माणसं गावोगाव आहेत. आपल्याकडे मराठीतही त्याच अर्थाची आहेत. उकिरड्याची, केराची, दगडाची. माझे वडील अशा नावांबद्दल एकच सांगायचे. ते म्हणायचे, "हे नावं आपल्याले कोणं देल्ले ते ध्यानात ठेव." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शाळेत घालताना मास्तराने, चावडीवर पाटलाने, ज्याला जे सुचलं ते आमच्या माणसांचं नाव म्हणून लिहिलं. चांगलं नाव आमच्या अंगावर शोभत नाही म्हणून घाणीचं दिलं. दीक्षा घेतल्यावर आजोबांच्या पिढीने ती नावं टाकली आणि सुंदर नावं घेतली. आमच्या घरात सुंदर नाव ही चैन नव्हती, कमाई होती. आणि आता वरच्या जातीची ही बाई, जी आमच्याकडे लग्नात जेवली नाही, आमच्याच पडवीत बसून आमच्या मुलीला उकिरडा म्हणत होती.

मी पुढे झाले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. आधी तेलुगूत बोलले, त्यांना नीट कळावं म्हणून. मग राग तेलुगूत मावेना, तेव्हा आमच्या बोलीत सुरू झाले. "आमची पोरगी उकिरडा दिसते काय तुमाले? एवढाच वास येते तं काऊन आल्या आमच्या घरी?" विहीणबाई बाळाला छातीशी धरून ओल्या कपड्यांनी भिंतीला टेकल्या. बाळ रडायला लागलं.

भावजय धडपडत बाहेर आली. ती आमच्या घरात येऊन आमच्यासारखंच बोलायला शिकली आहे, फक्त मला ताई न म्हणता त्यांच्या रिवाजाने वदिना म्हणते.

"वदिना, अम्मावर ओरडू नका. ते तुमाले भेते."

"मले? माह्यात काय भ्यासारखं हाय?"

ती आईच्या आणि माझ्यामध्ये येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तुमी त्याचं नाव आंदीच घेतलं होतं. पाचव्या महिन्यात. कापडावर लिवलं, सगळ्याईले दाखोलं. आमच्यात मूल हाती येईपर्यंत नाव घेत नाई, कपडाबी शिवत नाई. अम्मा म्हणते, नाव आंदी गेलं अन् पोरगं त्याच्या मांगं गेलं."

मी थक्क होऊन उभी राहिले. दहा दिवस मी या बाईवर पाळत ठेवून होते आणि ती दोन वर्षांपासून माझ्यावर ठेवून होती. मी तोंड उघडलं की ती उठायची, ती माझ्या तोंडातून नाव बाहेर पडू नये म्हणून. तिचा संशय माझ्या जातीवर नव्हता, माझ्या जिभेवर होता. त्याचं मला वाईट वाटलं की बरं, ते त्या क्षणी कळलं नाही. मला फक्त आणखी राग आला.

"हे असलं काही आमी मानत नाई," मी म्हणाले. "आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या हायेत. नजर लागणं, नाव बाधणं, असल्या गोष्टीले इथं थारा नाई. माहे बाबा असते तं..."

"गप बस," आई म्हणाली.

आई पडवीच्या पायरीवर येऊन उभी होती. तिने विहीणबाईंच्या हातातून बाळ घेतलं, पदराने पुसलं, आणि मग मला म्हणाली, "तिनं एकलीनं नाई केलं. सूप तिचं होतं, पर पोरगी मी धरली होती. मांगच्या गल्लीत म्हशीवाल्याचा उकिरडा हाय ना, तिथं ठिवली सुपात घालून. मंग म्हशीवाल्याच्या बायकोनं उचलली अन् मूठभर कोंडा घेऊन आमाले देल्ली. म्हंजे मरणाले वाटलं पाह्यजे का हे टाकलेली हाय, कोणाच्या कामाची नाई."

"तुले कोणं सांगतलं असं करा म्हणून? तुले तं तिची भाषाबी समजत नाई."

"तिनं सूप दाखोलं अन् मांगच्या गल्लीकडे बोट केलं. मले समजलं." आईने बाळाला खांद्यावर घेतलं. "तुलेबी ठिवलं होतं."

आई सांगत राहिली, भाजीचा भाव सांगावा तशी.

"तुह्या आंदी दोन गेले माहे. एक सवा महिन्याचा, एक आठ दिवसाची. तू झाली तवा तुह्या आजीनं तुले उकिरड्यावर नेऊन ठिवलं. पाच वर्स तेच नाव होतं तुले. सगळे तेच म्हणत. शाळेत घालाच्या दिवशी तुह्या बाबानं दुसरं लिवलं अन् आमाले सांगतलं, आता हे जुनं नाव कोणीच काढाचं नाई."

"बाबाले चाललं हे?"

"चाललं म्हंजे? उकिरड्यावरून तुले उचललं कोणं मंग? त्याईनंच. रडून राह्यले होते उचलताना."

त्या दिवशी मी जेवले नाही. मला विचारलंही नाही कुणी. खोलीत बसून वडिलांचा विचार करत राहिले. अशी नावं आपल्याला कुणी दिली ते ध्यानात ठेव, असं मला सांगणारा माणूस, मला तेच नाव देऊन पाच वर्षं त्याच नावाने हाका मारत होता, आणि मला त्यातली एकही हाक आठवत नव्हती. त्यांनी खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. ते सांगत होते तेही झालेलंच आहे, त्याचे कागद मी पाहिले आहेत. पण त्याच नावाला दुसरीही एक बाजू होती आणि ती त्यांनी माझ्यापासून लपवली. का लपवली, याचे मी बरेच संशय घेतले. एकही धड टिकला नाही. त्यांना लाज वाटली असेल. किंवा त्या दोन मुलांबद्दल बोलावं लागू नये म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी कचेरीत एक म्हातारा आला. तेलुगू माणूस, पांढरं धोतर, वारसनोंदीची दरखास्त. नाव तेच, उकिरड्याचं. अशी माणसं माझ्याकडे वर्षाला दहा-बारा तरी येतात आणि दर वेळी मला त्यांची कीव येते. या वेळी मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "ताता, तुमच्या आधी किती गेले?" तो चमकला नाही. त्याने तीन बोटं वर केली आणि वारसनोंद कधी होईल ते विचारलं.

घरी आले तेव्हा भावजय एकटी होती. मी तिच्यासमोर माझी यादी ठेवली आणि म्हटलं, तूच घे यातलं एक, मी बोलणार नाही. तिने बराच वेळ बघितलं. एका नावाखाली नखाने खूण केली. कागद घडी करून मला परत दिला आणि ओठांवर बोट ठेवलं. ते नाव माझ्याही मनात होतं. मग एकविसाव्या दिवसापर्यंत पाच दिवस मी ते नाव तोंडात धरून बसले. शेजारणी विचारायच्या, विहारातल्या बायका विचारायच्या, आणि मी म्हणायचे, अजून ठरलं नाही. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षा फार झाली. विहीणबाई माझ्याकडे चोरून बघत असायच्या. मीही त्यांच्याकडे बघत होते. आमच्यात समेट वगैरे झाला असं कुणी समजू नये.

बारशाच्या दिवशी दिवाणखान्यात पाळणा बांधला. आधी विहारातल्या भन्तेजींनी वंदना घेतली. मग भावाने त्यांच्या रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहिलं आणि त्यावर पटकन रुमाल टाकला. मग माझी पाळी आली. बायका माझ्या पाठीमागे जमल्या, आत्याच्या पाठीत बुक्के घालायला. मी पाळण्यावर वाकणार, तोच विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला स्पष्ट दिसलं की त्या अजूनही माझ्या तोंडाला भीत आहेत. मला राग यायला हवा होता. मी थांबले. त्यांनी आपणहून हात सोडला तेव्हा वाकले आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. पाठीत बुक्के बसले. त्यातला सगळ्यात जोरदार कुणाचा होता ते मला न बघता समजलं.

मी उठते न उठते तोच विहीणबाई दुसऱ्या बाजूने वाकल्या आणि बाळाच्या दुसऱ्या कानात त्यांचं ते नाव सांगितलं. भन्तेजी समोर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग मीही खिडकीकडे पाहिलं.

मुलगी आता वर्षाची होत आली. तिचं नाव दाखल्यावर चढलं आहे. ते चारही भाषांतून खरचटल्याशिवाय जातं. इचोड्याच्या अंगणवाडीत, मंचेरियलच्या आजोबांच्या तोंडी, आदिलाबादच्या बाजारात, सगळीकडे मी ते ऐकून तपासलं आहे. मला समाधान आहे.

सात महिन्यांची असताना, आमच्याकडे आदिलाबादला आलेली होती तेव्हा, तिला ताप आला. भाऊ शाळेत होता. दुपारी भावजय आणि मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. मुलगी भट्टीसारखी तापली होती आणि डोळे उघडत नव्हती. भावजय तिला घेऊन बाकावर बसली. मी चिठ्ठीच्या खिडकीशी उभी राहिले. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, पेशंटचं नाव?

आयुष्यभर मी लोकांना हेच सांगत आले की कागदावर नाव दाखल्याप्रमाणेच द्यावं, एका अक्षराचाही फरक करू नये. मी बाकाकडे वळून पाहिलं. भावजय माझ्याकडेच बघत होती. मग मी त्या माणसाला उकिरड्याचं ते नाव सांगितलं, तेलुगूत, स्पष्ट, दोनदा. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पेन थांबवलं आणि मग लिहिलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तो औषधाने उतरला, हे मला पक्कं ठाऊक आहे. ती चिठ्ठी मात्र माझ्या पर्समध्ये आहे आणि नाव दुरुस्तीची दरखास्त मी अजून केलेली नाही.